मोटारीचा कस

बाजारांत भांडें घ्यावयास आलेलें गिऱ्हाईक तें आधीं हातांत तोलून पाहतें, मग बोटाच्या टिचकीनें वाजवून पाहतें, आणि त्यानंतरच किंमत विचारतें. नाशिक हें तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं दीर्घकाळ नांवाजलेलें शहर. तेथील तांबट ठोक्याठोक्याला कान देऊन काम करी. पत्रा कोठें पातळ झाला, सांधा कोठें कच्चा राहिला, हें त्याला आवाजावरून कळे. एक कारागीर, एक भांडें आणि एक गिऱ्हाईक, असा तो सरळ व्यवहार होता. भांड्यांत खोट निघाली तर ती कोणाच्या हातून आली, हें विचारीत बसावें लागत नसे.

त्याच नाशकांत, त्र्यंबक रस्त्याला लागून असलेल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत आज मोटारी तयार होतात. मोटार टिचकीनें वाजवून घेतां येत नाहीं. तिच्यांत हजारों भाग असतात. ते शेंकडों ठिकाणीं, एकमेकांना कधींहि न पाहिलेल्या माणसांच्या हातून तयार होतात, आणि शेवटीं एका ओळींत एकत्र जुळविले जातात. अशा वस्तूची खात्री कोणी द्यावी, आणि कशाच्या आधारावर द्यावी, हा प्रश्न साधा नाहीं. इंग्लंडच्या मोटारधंद्यानें या प्रश्नाचें उत्तर एकदां शोधलें, मग तें गमावलें, आणि पुन्हां परक्यांकडून शिकून घेतलें. त्या इतिहासाचा एक धागा थेट नाशिकपर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम थोडासा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका गाडींत २,००० भाग आहेत आणि प्रत्येक प्रकारचा भाग हजारांत एक एवढाच सदोष निघतो. हजारीं एक चूक म्हणजे उत्तम काम, असें कोणीहि म्हणेल. परंतु हे २,००० भाग एकत्र आले म्हणजे चित्र पालटतें. अशा शंभर गाड्यांपैकीं सर्वस्वीं निर्दोष गाड्या तेराचौदाच निघतील. बाकीच्या प्रत्येक गाडींत कोठें ना कोठें एखादा तरी सदोष भाग असेल. हेंच चुकीचें प्रमाण लाखांत एक इतकें खालीं आणलें, तर शंभरांपैकीं ९८ गाड्या निर्दोष निघतात. मोटारीच्या कारखान्यांत चांगल्या कामाची व्याख्या इतकी कठोर कां असते, याचें कारण या हिशेबांत आहे.

या कठोरपणाचा पाया म्हणजे माप. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमधील निरनिराळे कारखाने आपापल्या स्क्रूंचे आटे आपापल्या मापानें कापीत असत. एका गांवच्या कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या गांवच्या नटाला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रशास्त्रज्ञानें १८४१ सालीं सर्व देशासाठीं आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें. त्यांत आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा ठरविला होता. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण एकाचें काम दुसऱ्याच्या कामाशीं न भेटतां जुळावें, ही कल्पना येथूनच धंद्यांत रुजूं लागली.

मोटारीच्या बाबतींत या कल्पनेची जाहीर परीक्षा १९०८ सालीं लंडनजवळील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्णपणें सोडविण्यांत आल्या. तिन्हींच्या भागांचा एकच ढीग करण्यांत आला. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागीं सांठ्यांतले नवे भाग घालण्यांत आले. मग कारागिरांनीं नुसत्या पान्यांनीं व स्क्रू-ड्रायव्हरनीं त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या केल्या. भाग बसत नाहीं म्हणून कानस लावण्याची सोय नव्हती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि त्या मार्गावर ५०० मैल धावल्या. या पराक्रमासाठीं कॅडिलॅकला ड्यूअर चषक देण्यांत आला.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १९०७ सालीं, त्याच क्लबच्या निरीक्षणाखालीं रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट ही गाडी सुमारें १५,००० मैल चालविण्यांत आली होती. नंतर ती उलगडून तिच्या भागांची झीज मोजली, तेव्हां ती पूर्ववत् करण्यास अवघ्या दोन पौंडांच्या आसपास खर्च येईल असें दिसून आलें. या दोन परीक्षा शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. सिल्व्हर घोस्टच्या मागें निष्णात कारागिराचा हात होता. एकेक भाग त्याच्या जोडीदाराशीं घासून, पारखून बसविलेला. कॅडिलॅकच्या मागें ठरलेलें माप होतें. भाग कोणीहि केलेला असो, तो बसलाच पाहिजे. पहिल्या मार्गानें फार थोड्या आणि फार महाग गाड्या होतात. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी दुसऱ्याच मार्गानें होते.

ठरलेलें माप म्हणजे अगदीं तंतोतंत माप नव्हे. जगांतलें कोणतेंहि यंत्र दोन नग हुबेहूब सारखे कापीत नाहीं. म्हणून नकाशावर मापाबरोबर सूटहि लिहिलेली असते. कारखान्यांत तिला टॉलरन्स म्हणतात. भोंक तपासण्यासाठीं दोन टोंकांचें गेज वापरतात. त्याचें एक टोंक भोंकांत गेलेंच पाहिजे, दुसरें जातां कामा नये. पहिलें गेलें नाहीं तर भोंक लहान आहे, दुसरें गेलें तर मोठें आहे. या साध्या हत्याराला वाद घालतां येत नाहीं, आणि त्याच्याशींहि कोणाला वाद घालतां येत नाहीं.

ही सूट किती अरुंद असूं शकते, याचें उदाहरण सातपूरलाच पाहावयास मिळतें. पूर्वीं मायको या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बॉश कंपनीच्या तेथील कारखान्यांत डिझेल एंजिनाचीं नॉझलें तयार होतात. नॉझलच्या पोकळ देहांत एक सुई खालींवर सरकते आणि तेल बारीक फवाऱ्याच्या रूपानें एंजिनांत सोडते. सुई आणि तिची वाट यांच्यांतील अंतर साधारणतः दोन ते चार मायक्रॉन ठेवावें लागतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. अंतर वाढलें तर दाब टिकत नाहीं, तेल झिरपतें आणि धूर होतो. कमी झालें तर तापल्यावर सुई अडकते. येथें डोळा आणि बोट दोन्ही निकामी ठरतात. इतकेंच नव्हे, तर हवामानसुद्धां मापाच्या आड येतें. दहा मिलिमीटर जाडीची पोलादी कांडी तपमान तीस अंशांनीं वाढल्यास सुमारें साडेतीन मायक्रॉन फुगते. नाशकांत हिंवाळ्यांतली पहाट आणि वैशाखांतली दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून बारीक मापें २० अंश सेल्सिअस या जगन्मान्य तपमानाला धरून घेतात, आणि त्यासाठीं मापनाची खोली बारा महिने त्याच तपमानावर ठेवतात. बाहेरून गरम आलेला भागहि कांहीं वेळ तेथें ठेवून, तो निवल्यावरच मोजतात.

माप ठरलें, गेज आलें, तपासनीस नेमले. तेवढ्यानें काम भागलें नाहीं. तपासनीस वाईट नग वेगळा काढतो. पण तो नग तयार झालेलाच असतो, आणि त्यावर खर्चलेलें पोलाद, वीज व मेहनत वायां गेलेली असते. शिवाय तपासनीसहि माणूसच. दिवसाला हजार नग पाहतांना त्याची नजर केव्हां तरी चुकते. दोष झाल्यावर पकडण्याऐवजीं होण्यापूर्वींच ओळखतां येईल काय, या प्रश्नाला उत्तर दिलें तें अमेरिकेंतील वॉल्टर शूहार्ट यांनीं. १९२४ सालच्या मे महिन्यांत त्यांनीं आपल्या वरिष्ठांना अवघ्या एका पानाचें टिपण दिलें आणि त्यांत एक आलेख काढून दाखविला.

त्या आलेखामागील विचार असा. समजा, एका यंत्रावर २० मिलिमीटर जाडीच्या पिना होत आहेत. दर तासाला पांच पिना उचलून मोजाव्या आणि त्यांच्या सरासरीचा ठिपका कागदावर मांडावा. ठिपके थोडेसे वरखालीं होतील. ती त्या यंत्राची नेहमींची चलबिचल होय. त्या चलबिचलीवरूनच वर एक आणि खालीं एक अशा दोन मर्यादारेषा काढतां येतात. ठिपके रेषांच्या आंत कसेहि विखुरलेले असोत, यंत्राला हात लावूं नये. उगाच दर वेळीं फिरवाफिरव केली तर काम सुधारण्याऐवजीं बिघडतें. परंतु ठिपका रेषेबाहेर गेला, किंवा सात-आठ ठिपके ओळीनें एकाच दिशेला सरकूं लागले, तर कांहीं तरी विशेष घडलें आहे असें समजावें: हत्याराची धार गेली असेल, पोलादाचा नवा लॉट आला असेल, पकड सैल झाली असेल. मुख्य गोष्ट अशी कीं, हा इशारा अनेकदां पिना नकाशाच्या सुटीबाहेर जाण्यापूर्वींच मिळतो. पाटबंधाऱ्यावरचा पहारेकरी जसा पूर येण्याची वाट न पाहतां पाण्याची पातळी पाहत असतो, तसेंच हें आहे.

ही विद्या इंग्लंडला अपरिचित नव्हती. शूहार्ट यांनीं १९३२ सालीं लंडन येथें व्याख्यानें दिलीं. १९३५ सालीं तेथील प्रमाणसंस्थेनें ईगन पिअर्सन यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतहि ती लौकर पोंचली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ मध्यें येथें येऊन गेले. परंतु तिचा खरा स्वीकार जपाननें केला. १९५० सालीं एडवर्ड्स डेमिंग यांनीं तेथील यंत्रज्ञांना व कारखानदारांना ती शिकविली, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें पारितोषिक तेथें सुरू झालें.

इंग्लंडनें मात्र हातचें ज्ञान बाजूला ठेवलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जगांत गाड्यांचा दुष्काळ होता. १९५० सालीं मोटारींच्या निर्यातींत ब्रिटनचा पहिला क्रमांक होता. जी गाडी होईल ती खपत असे, आणि जें खपतें तें सुधारण्याची निकड कोणालाच वाटत नाहीं. १९६८ सालीं बहुतेक मोठ्या कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड झाली. नांव एक झालें, पण आंतील कारखाने, नमुने आणि मजुरीच्या पद्धती निरनिराळ्या राहिल्या. संप वारंवार होऊं लागले, जुनीं यंत्रें तशींच राहिलीं, आणि १९७५ सालीं कंपनी वांचविण्यासाठीं सरकारला ती आपल्या ताब्यांत घ्यावी लागली. १९७६ सालीं बाहेर पडलेल्या रोव्हर एसडी-१ या गाडीची कथा बोलकी आहे. तिच्या आराखड्याची इतकी वाखाणणी झाली कीं, १९७७ सालचा युरोपांतील सर्वोत्तम गाडीचा बहुमान तिला मिळाला. परंतु आराखडा उत्तम असलेल्या या गाडीची बांधणी गचाळ निघाली. रंग, आंतील सजावट आणि विजेचीं जोडकामें यांविषयीं तक्रारी येत राहिल्या. कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें त्या कारखान्याला महागात पडून समजलें.

याचें खापर पुष्कळांनीं इंग्लिश कामगाराच्या माथीं फोडलें. तो आळशी आहे, भांडकुदळ आहे, त्याला कामाची चाड नाहीं, असें उघड म्हटलें गेलें. या आरोपाचा निकाल पुढें दोन प्रयोगांनीं लागला. १९८१ सालीं त्याच ब्रिटिश लेलँडच्या काउली येथील कारखान्यांत होंडा कंपनीच्या आराखड्यावरून व तिच्या शिस्तीनें ट्रायम्फ अक्लेम ही गाडी तयार होऊं लागली. कामगार तेच होते. परंतु या गाडीबद्दल हमीच्या मुदतींत येणाऱ्या तक्रारी कंपनीच्या इतर गाड्यांपेक्षां कमी निघाल्या. पुढें १९८६ सालीं निसाननें सुंदरलँड येथें नवा कारखाना उघडला. जहाजें आणि कोळसा यांवर जगलेल्या त्या भागांतील माणसांनींच तेथें जपानी तोडीच्या गाड्या करून दाखविल्या. माणसें बदललीं नव्हतीं. बदलली होती ती कामाची मांडणी.

ती मांडणी कशी असते, हें थोडक्यांत असें सांगतां येईल. जुन्या पद्धतींत ओळ कधींहि थांबवावयाची नसे; सदोष गाडी तशीच पुढें ढकलावयाची, आणि शेवटीं दुरुस्तीच्या आवारांत तिचे दोष काढावयाचे. नव्या पद्धतींत दोष दिसला कीं कामगारानें दोरी ओढावी अथवा दिवा लावावा, आणि गरज पडल्यास ओळ थांबवावी. जुन्या पद्धतींत विचारीत, ‘चूक कोणी केली?’ नव्या पद्धतींत विचारतात, ‘चूक होऊं शकली कशी?’ या दुसऱ्या प्रश्नांतून जपान्यांची ‘पोका-योके’ नांवाची युक्ति निघाली. भाग उलटा बसण्याची शक्यता असेल तर पकडींत एक खुंटी अशी ठोकून ठेवावयाची कीं, तो उलटा बसणेंच अशक्य व्हावें. दोन रुपयांची खुंटी एका तपासनिसाचें काम करते, आणि ती दमत नाहीं.

या इतिहासाचा नाशिकशीं संबंध आला तो १९९६ सालीं. महिंद्र आणि फोर्ड यांच्या संयुक्त कंपनीनें त्या वर्षीं नाशिक येथें एस्कॉर्ट गाडीची जुळणी सुरू केली. हीच एस्कॉर्ट इंग्लंडांत लिव्हरपूलजवळच्या हेलवूड येथील फोर्डच्या कारखान्यांत होत असे. हेलवूडचा कारखाना १९६३ सालीं सुरू झाला, आणि तंटेबखेड्यांसाठीं त्याची दीर्घकाळ अपकीर्ति होती. एका बाजूला ही अपकीर्ति धुऊन काढण्याच्या खटपटींत असलेलें हेलवूड, आणि दुसऱ्या बाजूला परदेशी बनावटीच्या प्रवासी मोटारीचा पहिला धडा गिरविणारें सातपूर, अशीं हीं एकाच गाडीचीं दोन घरें झालीं. फोर्डनें १९९९ मध्यें चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना उघडला आणि नाशिकची ही भागीदारी मागें पडली. पण धडा वायां गेला नाहीं. २००२ सालीं महिंद्रनें स्वतःच्या आराखड्याची स्कॉर्पिओ नाशकांतूनच बाहेर काढली. २००७ सालीं रेनो कंपनीच्या भागीदारींत लोगन ही गाडीहि येथेंच होऊं लागली. त्याच महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागानें २००३ सालीं जपानचें डेमिंग पारितोषिक मिळविलें. असा मान मिळविणारी ती जगांतील पहिली ट्रॅक्टर कंपनी होती.

या मोठ्या नांवांच्या मागें सातपूर आणि अंबड येथील लहान कारखान्यांची मोठी वस्ती आहे. कोणी पत्र्याचे कंस दाबून देतो, कोणी पिना कांततो, कोणी रबराचे वायसर ओततो. दर्जाची खरी कसोटी लागते ती या ठिकाणीं. मोठा कारखाना नमुन्याचे नग तपासतो, आणि त्यांत ठरलेल्यापेक्षां अधिक दोष आढळले तर सबंध लॉट परत जातो. दहाबारा माणसांच्या कारखान्याला परत आलेला एक लॉट म्हणजे महिन्याचा पगार. येथेंच मोह उत्पन्न होतो: धार गेलेलें हत्यार आणखी एक पाळी चालवावें, मोजणी न करतांच तक्ता भरावा, ठिपके रेषेच्या आंत ‘बसवावे’. असा तक्ता वरवर फार सुंदर दिसतो. जाणता निरीक्षक मात्र त्यालाच प्रथम हटकतो, कारण खऱ्या यंत्राचे ठिपके इतके शहाण्यासारखे कधींच वागत नाहींत.

म्हणून दर्जानियंत्रण हा जितका मापाचा तितकाच माणसामाणसांतील विश्वासाचा प्रश्न आहे. जेथें चूक सांगणाऱ्याला दंड होतो, तेथें चुका सांगितल्या जात नाहींत. त्या झांकल्या जातात, आणि मग रस्त्यावर उघड्या पडतात. जेथें ओळ थांबविणाऱ्याला शाबासकी मिळते, तेथें ओळ हळूहळू कमी वेळां थांबूं लागते. मालकाला पहिल्या महिन्यांत हा सौदा तोट्याचा वाटतो. वर्षाअखेर हिशेब मांडला म्हणजे परत आलेले लॉट, पुन्हां केलेलें काम आणि गमावलेलीं गिऱ्हाइकें यांची किंमत त्याच्या ध्यानांत येते.

ती किंमत किती चढूं शकते, हें इंग्लंडांतच दिसून आलें. ब्रिटिश लेलँडचा वारसा सांगणारी एमजी रोव्हर कंपनी २००५ सालच्या एप्रिलमध्यें बुडाली. तिच्या शेवटच्या दिवसांत तिनें विकावयास काढलेली सिटीरोव्हर ही छोटी गाडी पुण्याच्या टाटांच्या कारखान्यांत होत असे. लाँगब्रिज येथील सुमारें ६,००० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. केवळ सदोष बांधणीनें ही कंपनी बुडाली असें नाहीं. भांडवल, नवे नमुने, व्यवहारचातुर्य, सर्वच बाजूंनीं ती खचली होती. पण गिऱ्हाइकाचा एकदां उडालेला विश्वास पुन्हां मिळविण्यास लागणारा अवधि तिच्यापाशीं उरला नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

हेलवूडची वाट निराळी झाली. २००० सालीं तेथील एस्कॉर्ट बंद झाली. कामाची सारी मांडणी बदलून, कामगारांना नव्यानें शिकवून, २००१ पासून त्याच इमारतींत जग्वार गाड्या होऊं लागल्या, आणि जुनी अपकीर्ति मागें पडली. २००८ सालीं टाटा मोटर्सनें जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून विकत घेतल्या, त्यांबरोबर हेलवूडहि मुंबईच्या या कंपनीकडे आलें. ज्या कारखान्याच्या गाडीवर एके काळीं सातपूरचे हात शिकले, त्याचा मालक आतां महाराष्ट्रांत बसतो.

याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. पण इंग्लंडचा इतिहास त्याबरोबर एक इशाराहि देतो. १९५० सालीं त्या देशालाहि आपला पहिला क्रमांक कायमचा वाटला होता. सातपूरच्या एखाद्या शेडमध्यें पहिल्या पाळीचा कामगार सकाळीं यंत्र सुरू करून पहिला नग कापतो, तो मोजतो, आणि तक्त्यावर ठिपका मांडतो. तो ठिपका मोजून मांडलेला आहे कीं नुसता मांडलेला आहे, हें त्या वेळीं तेथें दुसरें कोणीहि पाहत नसतें. कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा भरंवसा शेवटीं त्याच ठिपक्यावर असतो.